फक्त संकटात दाबा

चांगली धडधाकट माणसं आपणहून कोंडून घ्यायला येतात, हे मला आजतागायत पटलेलं नाही. पण माझं पोट त्यावरच चालतं, तेव्हा माझ्या पटण्याला विचारतो कोण. मी काउंटरवर बसते. गिऱ्हाईक आलं की त्यांचे मोबाइल पेटीत ठेवते आणि पाठ झालेलं म्हणून दाखवते: आत गेलात की दार बंद होईल, तासाभरात कोडी सोडवून किल्ली शोधायची नि बाहेर पडायचं, कशावरही जोर लावायचा नाही, आणि खरंच घाबरलात तर दाराशेजारी हिरवं बटण आहे, ते दाबलं की दार उघडतं. हे शेवटचं कुणी कान देऊन ऐकत नाही. ‘घाबरतंय कोण!’ म्हणून एकमेकांना टाळ्या देतात. मग त्यातलाच एखादा दंड फुगवणारा घामाघूम होऊन बटणाशी उभा राहतो, आणि बाहेर आल्यावर म्हणतो, चुकून हात लागला.

दोन खोल्या आहेत आमच्याकडे. एक जहाजाची, एक प्रयोगशाळेची. दोन्हींच्या मधे बोळासारखी एक बिनखिडकीची खोली आहे, तिथे दोन्हीकडचा खेळ चालवणारी पोरगी बसते. मालकाला माणसांची नावं लक्षात ठेवायचा कंटाळा, म्हणून मी ‘काउंटर’ आणि ती ‘कंट्रोल’. ती मात्र मला काकू म्हणते. अंबाड्यात स्क्रू ड्रायव्हर खोचलेला, पुढे चार पडदे, पडद्यांवर आतली माणसं, आणि शेजारच्या भिंतीवर लाल-हिरव्या दिव्यांचा एक बोर्ड. आत कुणी होकायंत्र बरोबर जागी ठेवलं की बोर्डाला कळतं, टक् असा आवाज होतो आणि कुठला तरी खण उघडतो. लोकांना जादू वाटते. जादू कसली, लाकडाआडून तिने ओढलेल्या तारा. दारांची कुलपंही तसलीच, चुंबकाची. वीज आहे तोवर चुंबक दार धरून ठेवतो, वीज गेली की सोडून देतो.

दोन्ही खोल्या एकटीने सांभाळायच्या, म्हणून तिने बोर्ड असा बसवून घेतला होता की दार मिटलं रे मिटलं की खेळ आपोआप सुरू. जहाजाच्या खोलीतला सुरुवातीचा आवाजही तिचाच. मालकाला भारदस्त पुरुषी आवाज हवा होता, तसा कुणी मिळेना, मग म्हणाला, तूच बोल. ‘तुम्ही या जहाजात अडकला आहात. बाहेर पडायची किल्ली इथेच आहे. शोधा. घाई करा.’ एरवी मांजरासारखं बोलणारी बाई, पण त्या खोलीत असं दरडावून बोलते की मलाच काहीतरी शोधावंसं वाटतं. तासाभराने तोच आवाज ‘वेळ संपली’ म्हणतो. तेव्हाही दार आपोआप उघडत नाही. हा मालकाचा हट्ट. हरलेल्यांना आपण आत जाऊन बाहेर आणायचं, म्हणजे पडलेले चेहरे फोटोत छान येतात म्हणे.

आणि एक गोष्ट ती मालकाच्या नकळत करायची. आमच्यात त्याला ‘हात देणं’ म्हणतात. एखादी आजी नातवंडांबरोबर आलेली असते, चष्मा सावरत चाक फिरवत असते, आकडा काही जुळत नाही. अशा वेळी ही आतून हळूच बटण दाबते. टक्. खण उघडतो. आजीला वाटतं आपण उघडला. ती आजी बाहेर येऊन मला तीन-तीनदा सांगते, आणि मी ‘अय्या, खरंच?’ म्हणते. मालकाला कळलं असतं तर त्याने थयथयाट केला असता. मला विचाराल तर सगळ्या दुकानात तेवढंच एक काम पुण्याचं होतं.

तिच्या घरी बाबा होते. आयुष्यभर वायरमन. हिला शाळेत कमी आणि शिडीखाली पक्कड धरून उभं राहण्यात जास्त गोडी, त्यामुळे कला बापाकडून आली. जहाजाची खोली बांधली तेव्हा बाबा रोज मागच्या बोळातून यायचे, स्टुलावर बसून तिच्या तारा तपासायचे आणि शिव्या घालायचे. चुंबकाची कुलपं पाहून म्हणाले होते, ‘हे बरं आहे. आत माणूस असेल तर तार माणसाच्या बाजूने ओढायची. वीज गेली तर दार उघडलं पाहिजे, अडकलं नाही पाहिजे.’ हिरवं बटण दारापाशी, उजव्या हाताला, नेहमीच्या स्विचच्या उंचीवर लावायला त्यांनीच सांगितलं. ‘अंधारात माणसाचा हात आपोआप तिथेच जातो.’

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग जेवलो की नाही ते, मग बायको वारली आहे ते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं त्या दिवशी त्यांना नीट कळत होतं. रिक्षात त्यांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, ‘पोरी, मला कुठे नेऊन ठेवू नकोस.’ ती म्हणाली, नाही ठेवणार. त्या एका वाक्याला ती घोरपडीसारखी चिकटली.

तिचा धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात असतो. सणासुदीच्या पाहुण्यासारखा यायचा आणि आल्या आल्या अक्कल शिकवायचा, असं माझं तेव्हाचं मत. बाबा एकदा दुपारी घराबाहेर पडले आणि पार मोठ्या चौकात सापडले. विजेच्या खांबाला धरून उभे, आणि वाहतूक पोलिसाला सांगतायत, वरची तार सैल आहे, शिडी आणा. भर रहदारीत. भाऊ धावत आला. मी तेव्हा तिच्या घरीच होते.

‘ताई, मी संस्था बघून ठेवलीय. स्वच्छ आहे, माणसं चांगली आहेत.’

‘ते कुठेही जाणार नाहीत.’

‘तू दिवसभर कामावर. शेजारच्या काकू जेवायला वाढून जातात, बाकी वेळ ते एकटे. उद्या गाडीखाली आले तर?’

‘मी बघते काय करायचं ते.’

‘बघ. पण पुन्हा एकदा जरी असे बाहेर गेले ना, तर मी तुला विचारणार नाही. सरळ घेऊन जाईन.’

तिने बघितलं. प्रयोगशाळेच्या खोलीतून काढून टाकलेलं एक जुनं चुंबकाचं कुलूप घरी नेलं आणि घराच्या दाराला लावलं. बाहेरून उघडायला शेजारच्या काकूंना एक कार्ड दिलं. मला कौतुकाने दाखवायला नेलं तेव्हा मी दार मिटून पाहिलं. एकदम घट्ट. बाबा खाटेवर बसून पायमोज्याचं टोक पिळत होते.

‘आणि आतलं बटण?’ मी विचारलं.

‘नाही लावलं.’

‘का गं?’

‘काकू, लावलं तर ते दाबतील ना.’

खरंच होतं ते. वीज गेली तरी कुलूप धरून ठेवणारी बॅटरी मात्र तिने जोडली नाही. मी म्हटलं, लाइट गेली तर दार उघडं पडेल की. ती म्हणाली, आग लागली तर? तेवढं माझ्याच्याने होणार नाही. आमच्या भागात लाइट फारशी जात नाही, असंही म्हणाली. माणूस एकीकडे बापाचा शब्द पाळतो, दुसरीकडे मोडतो, आणि मधल्या फटीतून जे व्हायचं ते होतं.

एका दुपारी कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर धडाम करून उडाला. आमचं दुकान, तिचं घर, मधली सगळी गल्ली, एका फटक्यात बंद. दोन्ही खोल्यांत गिऱ्हाईकं होती. कंट्रोल टॉर्च घेऊन उठली. तिचं शिक्षणच तसं, आधी आतली माणसं. एकेकाला हाताला धरून बाहेर आणलं, मोजलं, प्रयोगशाळेत एकीचा पाय वायरीत अडकला होता तो सोडवला. सगळे बाहेर आले, आणि मग तिचा चेहरा असा पांढराफटक पडला की मला वाटलं हिला शॉक बसला.

‘काकू,’ ती म्हणाली, ‘घराचं दार.’

ती पुढच्या रस्त्याने पळाली. मी गिऱ्हाइकांना त्यांचे मोबाइल देऊन वाटेला लावलं, शटर ओढलं आणि तिच्या मागे गेले. दार सताड उघडं. खाटेवर एक पायमोजा. शेजारच्या काकू बिचाऱ्या जिन्यात बसून रडत होत्या, त्या नुकत्याच वाढून गेल्या होत्या.

त्यानंतरची दुपार मला पुन्हा नको. चौकातला तो खांब आधी पाहिला. नव्हते. मग बसस्टँड, बाग, सरकारी दवाखाना, नाल्यावरचा पूल. पुलावर ती कठड्यावरून वाकून खाली बघत राहिली, मी तिची ओढणी घट्ट धरून उभी. ज्याला त्याला विचारायचं, उंच आहेत, निळा शर्ट, एका पायात मोजा. लोक माना हलवायचे आणि पुढे जायचे. एक बाई म्हणाली, अशा माणसांना एकटं सोडतात का? कंट्रोल तिच्या अंगावर धावून गेली असती, पण तिच्यात तेवढं त्राणच नव्हतं. तिने भावाला स्वतः फोन केला. लपवता आलं असतं, निदान संध्याकाळपर्यंत. ‘गेले रे,’ एवढंच म्हणाली. तो गाडी काढून निघाला.

मधेच कधीतरी लाइट आली. रस्त्यावरच्या दुकानांचे दिवे लागले, आम्ही लक्षही दिलं नाही.

भाऊ पोचला तेव्हा आमचे पाय मोडायला आले होते. तो आल्या आल्या ओरडेल म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. तो ओरडला नाही. म्हणाला, ‘तुमच्या दुकानाचा एक कॅमेरा गल्लीकडे आहे ना? लाइट आल्यानंतरचं तरी बघू. तिथून गेले असले तर दिशा कळेल.’ आम्हा दोघींना हे सुचलं नव्हतं. आम्ही तिघं परत आलो. शटर वर केलं, ती आपल्या बोळात शिरली आणि पडद्यांचं बटण दाबलं. वीज जाऊन आली की पडदे हाताने सुरू करावे लागतात, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग मात्र आपोआप सुरू होतं.

गल्लीचा पडदा शोधायची गरजच पडली नाही. जहाजाच्या खोलीच्या पडद्यावर बाबा होते.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना, ते मी आयुष्यात शंभरदा हसत म्हटलं असेल. त्या दिवसापासून म्हणवत नाही. ती पुढच्या रस्त्याने घरी पळत होती तेव्हा ते मागच्या बोळातून तिच्याकडे येत होते. आमचं मागचं दारही चुंबकाचंच, तेही उघडं पडलेलं. ते अंधारात आत आले आणि जहाजाच्या खोलीत शिरले, तिथेच तर ते तिच्याबरोबर बसायचे. दार आपोआप मिटलं. मग वीज आली. कुलपं लागली. बोर्डाने पाहिलं, दार मिटलेलं आहे, आणि खेळ सुरू केला.

ते जमिनीवर बसले होते. पुढ्यात खोलीतली एकूण एक वस्तू ओळीत मांडलेली. होकायंत्र, दोराचं वेटोळं, खोटी नाणी, कप्तानाची टोपी, बाटली. पँट ओली झाली होती.

तिने माइक ओढला. ‘बाबा.’

त्यांनी स्पीकरकडे मान वर केली आणि हात जोडले. बापाने लेकीला. ‘सापडत नाही गं,’ ते म्हणाले. ‘सगळं बघितलं. किल्ली नाही सापडत. तू रागावू नकोस.’

भावाने भिंतीला डोकं टेकलं. ती दार उघडायचं बटण दाबून धावली, आणि मी मागे उभी राहून तो पडदा बघत राहिले. ती आत शिरली, त्यांना मिठीत घेतलं. ते तिच्या खांद्यावरून स्पीकरकडेच बघत होते. तिला म्हणाले, ‘बाई, जरा सरका. माझी मुलगी बोलतेय.’

त्यांना धुऊन-पुसून, कप्तानाचा कोट घालून भावाच्या गाडीत बसवलं, भाऊ शेजारी बसला. त्यांनी बिस्किटं खाल्ली. मला वाटलं, संपलं, आता भाऊ काय बोलायचं ते बोलेल. पण कंट्रोल परत बोळात गेली.

‘मला पहिल्यापासून बघायचंय,’ म्हणाली.

‘नको बघूस,’ मी म्हटलं. ‘माझं ऐक. काय मिळणार आहे?’

तिने लावलंच. पडद्यावर दिवे लागले. ते खोलीच्या मधोमध उभे, दचकलेले. तिचा आवाज आला, तुम्ही या जहाजात अडकला आहात. त्यांचा चेहरा एकदम उजळला. ‘आलीस का,’ म्हणाले. शोधा, घाई करा. ‘हो हो,’ म्हणाले, ‘शोधतो,’ आणि लगबगीने खण उघडायला लागले. बराच वेळ शोधलं. मग दाराशी गेले. थापा मारल्या, तिला हाक मारली. त्या खोलीच्या भिंतीत फोम भरलेला आहे, शेजारच्या खोलीत आवाज जाऊ नये म्हणून. आणि शेजारी होतं तरी कोण. मग त्यांचा उजवा हात भिंतीवर चाचपडायला लागला. स्विचच्या उंचीवर, वरखाली, वरखाली, जन्मभराच्या सवयीने. हात बटणावर थांबला.

घडून गेलेली गोष्ट, तरी मनात म्हटलं, दाबा हो बाबा, दाबा.

बटणावर पाटी आहे. ती त्यांनी बोट फिरवत मोठ्याने वाचली. ‘फक्त. संकटात. दाबा.’ थोडा विचार केला. मग हात काढून घेतला.

‘संकट कुठंय,’ ते म्हणाले. ‘ती आहे ना बाहेर.’

आणि पुन्हा शोधायला बसले. पुढे वेळ संपली तेव्हा तिचाच आवाज तसं सांगून गप्प झाला. त्यानंतर ते तासनतास सगळ्या वस्तू ओळीत लावत होते, मोडत होते, पुन्हा लावत होते, आणि मधूनच स्पीकरला म्हणत होते, थोडं थांब, होईल.

तिने पडदा बंद केला. घरी पोचल्यावर बाबांना खाटेवर निजवलं, आणि ती सरळ दाराशी जाऊन उभी राहिली. दाराच्या उजव्या हाताला, स्विचच्या उंचीवर, भिंतीवर एक काळपट डाग होता. तळहाताएवढा रुंद, वरपासून खालपर्यंत. रंग घासून गुळगुळीत झालेला.

‘हा मी दर रविवारी ओल्या फडक्याने पुसते,’ ती म्हणाली. ‘मला वाटायचं, तेलकट हात लावतात.’

भावाने विचारलं, ‘कसला डाग?’

‘बटण शोधतात रे ते. रोज. मी गेले की.’ तिने तिथे स्वतःचा हात ठेवला. ‘तिथे पैसे देऊन आलेल्यांना मी बटण ठेवते. डोळ्यात तेल घालून बघत बसते, कुणी घाबरलं तर नाही ना. आणि इथे कुणी बघतसुद्धा नव्हतं.’

मग मात्र ती जी कोसळली, ती भावाच्या पायाशीच. मी इतक्या वर्षांत माणसाला असं रडताना पाहिलं नाही. तो शेजारी फरशीवर बसला. मला त्याचा राग राग यायचा, तो त्या फरशीवर संपला. तोही लहान मुलासारखा रडत होता. त्याने संस्थेचं नावही काढलं नाही. तिनेच काढलं.

‘घेऊन जा त्यांना. मी शब्द दिला होता, ठेवणार नाही म्हणून. पण मी ठेवलंच होतं रे. कोंडून ठेवलं होतं.’

अंबाड्यातला स्क्रू ड्रायव्हर काढून तिने त्याच वेळी ते कुलूप उतरवलं. एक स्क्रू काही निघेना, तर हातोडीने तोडला.

मी तिच्यावर चिडले होते, खोटं कशाला बोलू. इतकं केलं आणि शेवटी हरली, असं वाटलं. संस्थेत पहिल्यांदा तिच्याबरोबर गेले तीही तोंड वाकडं करूनच. जागा खरंच स्वच्छ होती. मोठा दिवाणखाना, खिडक्यांतून ऊन, आणि पुढच्या दाराशी टेबल टाकून एक सिस्टर बसलेली. दार चुंबकाचं. आत पाऊल टाकताच कंट्रोलने मान वर करून त्याच्या तारा कुठून कशा गेल्यात ते पाहून घेतलं. उजव्या हाताला बटण नव्हतं. ते सिस्टरच्या टेबलाखाली होतं.

बाबांनी मला ओळखलं नाही, तिलाही नाही. पण ती बोलायला लागली की मान वर करून छताकडे बघायचे, आवाज तिथून येतोय असं समजून. त्यांनी खिशातून एक चमचा काढला आणि कुणाला दिसू नये तसा तिच्या हातात सरकवला.

‘ही लागते का बघा,’ म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचा हात धरून दाराशी नेलं. दाराला किल्लीचं भोकच नाही, नुसता गुळगुळीत पत्रा. बाबांनी तिथे चमचा टेकवला आणि अगदी मन लावून फिरवला. तिने वळून सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरला कसं कळलं कोण जाणे. तिने टेबलाखाली हात घातला.

टक्.

दार उघडलं. बाबांचा चेहरा काय फुलला म्हणून सांगू! त्या आजीसारखाच. ‘सापडली!’ ते ओरडले, ‘सापडली, पोरी!’ आणि छताकडे बघून हसले. ती म्हणाली, ‘हो बाबा, हीच होती. शाब्बास.’ तिघं मिळून बाहेर अंगणात आलो. ऊन होतं, बाकं होती, कडेने फुलझाडं. ते दोन पावलं चालले, थांबले. समोरची उंच भिंत पाहिली, तिच्यातलं लोखंडी फाटक पाहिलं. हसू हळूहळू मावळलं. चमचा त्यांनी पुन्हा खिशात ठेवला, खाली वाकले, आणि झाडांच्या बुडाशी हाताने माती उकरायला लागले.

‘काय शोधताय बाबा?’ तिने विचारलं.

‘पुढची,’ ते म्हणाले. ‘तू थांब तिथेच. होईल.’

ती त्यांच्या शेजारी मातीत बसली आणि त्यांच्याबरोबर शोधायला लागली.